आताचं लिहा

सक्करदरा, नागपूर
११ जून १९७२

श्रीमती सिंधूताई यांस,
आनंदराव रामाजी गायधने यांचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मागच्या महिन्यापर्यंत मीही तुम्हाला ओळखत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर ओळख झाली नसती तर बरं झालं असतं. मी टपाल खात्यात आहे, त्यामुळे तुमचा पत्ता मिळवायला कष्ट पडले नाहीत. तुमच्या वडिलांच्या गावच्या, म्हणजे धानोलीच्या पोस्टमास्तरांनी तो कळवला. त्यांच्यावर रागावू नका.

कारण असं की, येत्या पंधरा ऑगस्टला सरकार स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देणार आहे. माझे वडील १९२३ साली झेंडा सत्याग्रहात तीन महिने नागपूरच्या तुरुंगात होते, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. वडील १९५१ मध्ये गेले. आई पार्वतीबाई आहे. तिच्या हाती तो ताम्रपट पडावा म्हणून मी अर्ज केला. ती म्हणाली, "राहू दे ना गा आनंदा, काहून त्या भानगडीत पडून राहिला?" जुन्या बायका अशाच, मान हवा असतो पण हात पुढे करत नाहीत. मी ऐकलं नाही. अर्जाला शिक्षेचा पुरावा लागतो, म्हणून कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून निकालाची नक्कल काढली.

नक्कल हाती आली. रामाजी वल्द सखाराम, राहणार बोरडोह, तहसील सावनेर. शिक्षा तीन महिने सक्तमजुरी. इथवर सगळं बरोबर. गुन्हा मात्र शपथेवर खोटं बोलल्याचा. झेंड्याचं नावही नाही.

खोटं कुठल्या खटल्यात बोलले, म्हणून तीही फाइल मागवली. तिच्यातले तीन-चार कागद तेवढे शिल्लक आहेत. त्यात आरोपी आहे गोपिका, जौजे रामाजी. जौजे म्हणजे बायको. माझ्या आईच्या आधी माझ्या बापाची एक बायको होती, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी सरकारी कागदावरून कळलं. फिर्याद वडिलांच्या नावाने, आणि तिच्यावर आरोप असा की पहिला नवरा जिवंत असताना तिने धानोलीच्या बापूजी हटवारशी पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं. वडिलांनी कोर्टात सांगितलं की काडीमोड झाली होती. बाई सुटली आणि वडील आत गेले.

तुम्ही त्या गोपिकाबाईंच्या कन्या. मला एवढंच विचारायचं आहे की माझ्या बापाच्या तोंडी ते खोटं कोणी घातलं? तुमच्या आईने की वडिलांनी? आपलं दोघांचं नातं काय, याला मराठीत शब्द सापडत नाही, म्हणून पत्राचा शेवट नुसत्या नमस्काराने करतो.

आनंदराव गायधने


रामटेक
२० जून १९७२

श्री. आनंदराव यांस नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जास्त आला.

माझी आई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती हे मला तुमच्या पत्रातून कळलं. ती मागच्या वर्षी श्रावणात गेली. यजमान वारल्यापासून मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते, आणि शेवटची सहा वर्षं आई माझ्याजवळच होती. तिचं पहिलं लग्न बोरडोहला झालं होतं, एवढंच मला माहीत होतं. त्यापुढे ती बोलत नसे. विचारलं की म्हणायची, "सिंधे, भाकरी करपून राहिली वं." चुलीवर तवासुद्धा नसायचा.

आता तुम्ही सांगा. तुमच्याच कागदांप्रमाणे फिर्याद कोणी केली? तुमच्या वडिलांनी. आपल्या बायकोला तुरुंगात घालायला जो माणूस स्वतः कोर्टाची पायरी चढला, त्याच्या तोंडी शब्द घालायला माझी आई कुठून जाणार? ती तर पलीकडे आरोपी म्हणून उभी होती. तुम्ही टपाल खात्यात आहात, पाठवणारा कोण आणि घेणारा कोण एवढं तरी तुम्हाला कळायला हवं.

तरी एक विनंती करते. त्या कागदांची नक्कल मला पाठवा. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून घरच्या देवांत मांडतात. वडिलांचा टाक धानोलीच्या देवघरात आहे. आईचा मी करून घेतला, पण माझा चुलतभाऊ ताराचंद तो मांडू देत नाही. म्हणतो, तिची काडी मोडलेली नव्हती, ती आमच्या घरची बायकोच नव्हे, काकाने ठेवलेली बाई. हे तो आज बोलतो असं नाही. घरात लग्न असलं की आईला हळदीच्या पाट्याला हात लावू देत नसत. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा तिला सगळ्यांसमोर उठवलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कोर्टाने तिला सोडलं असेल तर तो कागद मला सर्वपित्री अमावास्येच्या आत हवा. तोवर टाक माझ्या पेटीत साड्यांखाली आहे.

सिंधूताई


सक्करदरा, नागपूर
९ जुलै १९७२

सिंधूताई यांस नमस्कार.

तुमचं बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. फिर्यादीकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. बापाचं नाव शिक्षेच्या कागदावर दिसलं आणि पुढचं सगळं मी रागाच्या भरात वाचलं.

आता सगळं पुन्हा वाचून तुमच्यासाठी हाताने उतरवून काढलं आहे. आमच्या गल्लीत श्रीधर वकील राहतात, त्यांना घेऊन बसलो होतो, कारण निकाल इंग्रजीत आहे आणि जुन्या मॅजिस्ट्रेटांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

हकिगत अशी दिसते. डिसेंबर १९२२ मध्ये वडिलांनी फिर्याद दिली. शपथेवर सांगितलं की, "मी काडी मोडली नाही, बाई माझी बायको आहे." कागदावर त्यांचा अंगठा आहे आणि ओळख पटवणारा म्हणून थोरल्या भावाची सही. फेब्रुवारीत सुनावणी झाली. तिथली जबानी जशीच्या तशी देतो.

सवाल: बाई घरातून का गेली?
जबाब: माझे घरी तिला सुख नव्हते. भाऊ मारीत असे.
सवाल: तुम्ही काय केले?
जबाब: काही केले नाही.
सवाल: काडीमोड झाली होती काय?
जबाब: झाली होती. पंचांसमोर मी काडी मोडली.
सवाल: पंच कोण?
जबाब: दोघे मेले. तिसरा गाव सोडून गेला.
सवाल: डिसेंबरात शपथेवर काडी मोडली नाही असे सांगितले होते काय?
जबाब: सांगितले होते.
सवाल: आता मोडली म्हणता. मग लिहायचे काय?
जबाब: आताचं लिहा.

बाईला सोडलं. आणि वडिलांवर खटला भरला.

आता मुख्य गोष्ट. मी विचारलं, "वकीलसाहेब, दोन्हींतलं खोटं कोणतं?" त्यांनी निकाल पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ते कोर्टानं ठरवलंच नाही." मला वाटलं थट्टा करतात. पण कायदा तसाच आहे म्हणे. एकाच माणसाने शपथेवर दोन उलटसुलट गोष्टी सांगितल्या, की त्यातली एक तरी खोटी असणारच. कोणती, हे न ठरवताही शिक्षा देता येते. मॅजिस्ट्रेटने तेच केलं. तीन महिने दिले आणि कागद बंद केला.

म्हणजे आपण दोघंही अडकलो. काडी खरंच मोडली असेल, तर तुमची आई निर्दोष आणि टाक देवघरात. पण मग माझा बाप फिर्यादीत धडधडीत खोटं सांगून, काही चूक नसलेल्या बाईला तुरुंगात घालायला निघाला, असं होतं. काडी मोडली नसेल, तर तो तिच्यासाठी खोटं बोलला आणि त्यापायी खडी फोडायला गेला. त्यात मला मान वर करून बघता येतं, पण तुमचा ताराचंद खरा ठरतो.

झेंडा तर गेलाच. मला झोप येत नाही, हे खरं सांगतो. ऑफिसात लोक आत्तापासून पेढे मागतात. लहानपणी शाळेत मला सजावाल्याचं पोर म्हणत, तेव्हा झेंड्याच्या गोष्टीवर मी वर्षं काढली आहेत. आता त्या जागी ठेवायला निदान एक चांगला बाप तरी हवा.

आनंदराव


रामटेक
२३ जुलै १९७२

आनंदराव यांस नमस्कार.

नक्कल मिळाली. तुमचं अक्षर चांगलं आहे.

मी ती घेऊन धानोलीला गेले. ताराचंद काही अडाणी नाही, मॅट्रिकपर्यंत शिकला आहे. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "ज्यानं मोडली म्हणून सांगतलं, त्यालेच खोटा म्हणून जेलात टाकलं. हा कोणता पुरावा वं सिंधू?" निकालात कोणतं खोटं ते ठरवलेलं नाही, हे मी समजावून सांगितलं. तर म्हणाला, मग तूच ठरवून आण.

जबानीतली एक ओळ मात्र मला सुटत नाही. भाऊ मारीत असे, तुम्ही काय केलं, काही केलं नाही. आईच्या डाव्या कोपरात हाड वाकडं जुळलेलं होतं. ती म्हणायची, विहिरीवर पडले. तुमचे वडील मला आवडले असं मी म्हणणार नाही. पण हे त्यांनी भर कोर्टात स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि भाऊ तिथेच बसलेला असणार.

तुमच्या मातोश्री आहेत ना? त्या तर त्यानंतरच घरात आल्या. त्यांना विचारा. आपण दोघं कागद उलटेपालटे करत बसलो आहोत आणि जिला माहीत असेल ती तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

सिंधूताई


सक्करदरा, नागपूर
६ ऑगस्ट १९७२

सिंधूताई यांस नमस्कार.

आईला विचारलं नाही. विचारवत नाही.

काल ती तांदूळ निवडत होती, मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, आई, बाबा तुरुंगात होते तेव्हाचं काही आठवतं का? ती म्हणाली, "मी तवा लहान पोट्टी होती, मले काय ठाऊक?" आणि सुपातला खडा काढून असा फेकला की मी उठलोच. एकसष्ट वर्षांची बाई, जन्मभर झेंडेवाल्याची बायको म्हणून मानाने राहिली. तिला जाऊन सांगू, की नवरा खोट्या साक्षीत गेला होता आणि तुझ्याआधी त्याची एक बायको होती?

अर्ज मात्र परत घेतला. कारण म्हणून लिहिलं, पुरावा उपलब्ध नाही. हेही एका परीने खरंच आहे. पंधरा ऑगस्टला मी रजा टाकून घरीच राहीन.

तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही, याचं वाईट वाटतं.

आनंदराव


सक्करदरा, नागपूर
२७ ऑगस्ट १९७२

सिंधूताई यांस नमस्कार.

सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. ते ताराचंदांना दाखवावं.

त्यात लिहिलं आहे ते असं. वडिलांनी शेवटच्या आजारात मला जवळ बसवून सांगितलं होतं की, काडी त्यांनी १९२१ सालीच, गोपिकाबाई माहेरी गेल्या तेव्हा, पंचांसमोर मोडली होती. पुढे भावाच्या दडपणाने फिर्याद केली, ती खोटी होती. म्हणजे तुमच्या आईवडिलांचा पाट रीतसर होता आणि दोष असेल तो आमच्या घराचा. हे मला अलीकडे आठवलं.

श्रीधर वकील चष्म्यावरून बघत म्हणाले, "आनंदराव, एवढी मोठी गोष्ट तुम्हाला एवढ्या उशिरा कशी आठवली?" मी म्हटलं, तुम्ही फक्त शपथेचं बघा.

पंधरा ऑगस्टला घरी बसून विचार केला. माझे वडील गेले, तुमच्या आई गेल्या. ताम्रपटावाचून आमचं काही अडलं नाही, आई त्या दिवशी रोजच्यासारखी भाजी आणायला गेली. पण तुमच्या पेटीत तो टाक साड्यांखाली आहे, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आता तो बाहेर काढा.

आनंदराव


रामटेक
२७ ऑगस्ट १९७२

आनंदराव यांस नमस्कार.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आज लिहिते.

आई जाण्याच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "सिंधे, काडी मोडली नव्हती वं. रामाजी माह्यासाठी खोटं बोलला. त्याले देव बरं करो." हे ऐकायला तुमचे वडील आता नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही विचारलं होतं, खोटं कोणतं. आता कळलं. फिर्याद भावाने त्यांच्याकडून करवून घेतली होती. पण कोर्टात उभं राहिल्यावर त्यांनी भावाच्या तोंडावर तिला सोडवलं आणि स्वतः आत गेले. झेंड्यासाठी गेलेल्यांना निदान हार तरी घालत. तुमच्या वडिलांना कोणी घातला असेल असं वाटत नाही. मान वर करून बघा, आनंदराव.

टाकाचं मी मनातून काढून टाकलं आहे. माझ्या घरी कोनाडा आहे, तिथे मांडीन. आई तशीही धानोलीत रमली नव्हती.

सिंधूताई


सक्करदरा, नागपूर
३ सप्टेंबर १९७२

सिंधूताई यांस नमस्कार.

आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या शेजारून गेली. माझं तुम्हाला मिळालं असेल. तुमचं मात्र मला मिळालं नाही, आईला मिळालं. मी ऑफिसात होतो, पोस्टमनने तिच्या हातात दिलं आणि तिने शेजारच्या कुसुमताईंकडून वाचून घेतलं. माझ्याच खात्याने माझ्यावर डाव उलटवला.

संध्याकाळी घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली, पत्र मांडीवर. मला म्हणाली, "आधीची बी काढ. पेटीतले कागद बी काढ. वाच." मी सगळं वाचलं, जबानीसकट. "आताचं लिहा" इथे आल्यावर तिने मला थांबवलं. म्हणाली, "पुन्हा वाच." दोनदा वाचलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्याचंच बोलणं हाये हे. असाच बोले तो. थोडकं."

मग माझ्या प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. ती एवढी हसली की कुसुमताई पुन्हा डोकावल्या. "बाप एक्या बाईसाठी खोटं बोलून जेलात गेला, आन पोरगा तिच्या पोरीसाठी चालला. आनंदा, तुही नोकरी सरकारची हाये ना गा?"

सिंधूताई, ते प्रतिज्ञापत्र खोटं आहे. वडील शेवटच्या आजारात माझ्याजवळ असं काही बोलले नाहीत. ते जाळून टाका. श्रीधर वकिलांना कबूल केलं तेव्हा ते नुसते हुश्श म्हणाले.

आता आईने सांगितलं ते लिहितो. यात माझ्या पदरचं काही नाही.

वडील सुटून आले तेव्हा भावाने घरात घेतलं नाही. ते नागपूरला येऊन गिरणीत लागले. दोन वर्षांनी आईचं स्थळ आलं. आजोबांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, कोर्टात काय बोलला ते कोर्टाजवळ, माझ्या पोरीला सवतीवर देणार नाही, आधी माझ्यासमोर काडी मोड. वडिलांनी धानोलीला निरोप पाठवला. फाल्गुनात, १९२५ साली, आजोबांच्या अंगणात पंच बसले. तुमची आई आली, तुमचे वडील तिच्यासोबत. तिला सहावा महिना होता. आई सांगते, "आंगनातल्या कडब्यातून काडी मीच ओढून आणली. माह्या बापानं सांगतलं तशी. एक टोक तिनं धरलं, एक त्यानं. मोडल्याचा आवाज बी आला नाही, हिरवट होती काडी. मंग त्यायनं पुन्हा पिळून तोडली." त्याच बैठकीत, त्याच पंचांसमोर, बापूजींनी तुमच्या आईला नवं लुगडं नेसवून कुंकू लावलं आणि पाट पुन्हा रीतसर केला. आजीने तिची ओटी भरली. दुसऱ्या दिवशी माझ्या आईला हळद लागली.

म्हणजे कोर्टातली फेब्रुवारीची जबानी खोटी होती आणि तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं ते खरं. पण तुम्ही जेठात जन्मलात, असं आई म्हणते. काडी त्याच्या आधीची.

आणि झेंडा? तो आईनेच लावला होता. मला शाळेत पोरं चिडवायची म्हणून तिने सांगून टाकलं. "त्या साली जेलात झेंडेवाले लय होते, म्हून मले सुचलं. तुह्या बापानं हाव म्हटलं नाही आन नाही बी म्हटलं नाही. पन सरकार तांब्याचं पतरं देईन, हे मले काय ठाऊक? मी राहू दे म्हटलं तं तू ऐकून राहिला होता काय?"

ती धानोलीला यायचं म्हणते. मी म्हटलं पत्र लिहितो, तर म्हणाली, तुहे कागद पाहिले मी. अमावास्येला माझी ड्यूटी आहे, मला येता येणार नाही. तिला रामटेकच्या एस.टी.त बसवून देईन. स्टॅंडवर उतरवून घ्याल का? हिरवं लुगडं आणि हातात पितळी डबा असेल. डब्यात काय आहे ते मलाही सांगत नाही.

आनंदराव


रामटेक
८ ऑक्टोबर १९७२

प्रिय आनंदराव,

डब्यात तिळाचे लाडू होते. "तुही माय आता नाही भरून देनार, म्हून मी आणले," असं मला स्टॅंडवरच सांगितलं.

आधी माझं एक सांगते, नाहीतर राहून जाईल. आई जाण्याआधी मला काहीही बोलली नव्हती. ते मी मनाने लिहिलं, तुमचं पत्र वाचून जीव तुटला म्हणून. आणि नेमकं तेच खरं निघालं. तुमचं प्रतिज्ञापत्र चुलीत घातलं, आता माझं ते पत्र तुम्ही घाला.

अमावास्येला सकाळी आम्ही धानोलीला पोचलो. घरात सगळी भावकी जमलेली, पानं वाढायची तयारी चाललेली. तुमच्या आईंनी पाय धुतले आणि सरळ देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या. ताराचंदने विचारलं, "ह्या कोण?" त्या म्हणाल्या, "मी रामाजीची बायको. गोपिकाची सवत."

मग त्यांनी काडीची हकिगत सांगितली, तुम्ही लिहिली तशीच. कोण कुठे बसलं होतं, लुगडं कोणत्या रंगाचं होतं, सगळं. ताराचंदची म्हातारी काकू आतून म्हणाली, "हाव, ते जांभळं लुगडं तिच्या अंगावर मी पाह्यलं हाये." इतकी वर्षं ती बाई त्याच घरात होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

ताराचंद तरी ऐकेना. म्हणाला, "म्हंजे कोर्टात तुमचा नवरा खोटंच बोलला. तीन सालं ही बाई काडी न मोडता राह्यली. हे तं खरं ना?"

मला वाटलं, आता संपलं. तुमच्या आई म्हणाल्या, "राह्यली. मी कुठं नाही म्हनून राहिली? त्या तीन सालाची सजा माहा नवरा खडी फोडून भोगून आला. आता अजून कोनाले जेलात धाडायचं हाये बाप्पा तुले?"

ताराचंद उठून हात धुऊन आला आणि त्याने माझ्यापुढे हात केला. मी पिशवीतून टाक काढून दिला. त्याने तो स्वतः वडिलांच्या टाकाशेजारी मांडला, जागा थोडी कमी होती तर खंडोबाला जरा सरकवलं. मी तिथेच रडले, आनंदराव. शाळेतल्या मुलींना मी रडू देत नाही, पण रडले. तुमच्या आई पाठीवर हात फिरवत होत्या आणि ताराचंदच्या बायकोला सांगत होत्या की वरणात मीठ जास्त झालं.

त्या आणखी दोन दिवस इथे राहतील. मंगळवारच्या गाडीने येतील, स्टॅंडवर या. गड चढायचा म्हणतात, मी नको म्हणते, बघू कोण जिंकतं.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा त्या शेजारी बसून सुपारी कातरत होत्या. मी म्हटलं, तुमच्या मुलाने पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आपल्या नात्याला शब्द सापडत नाही. आता शेवटी काय लिहू? त्या म्हणाल्या, "सवतीची पोरगी म्हंजे माहीच. बहीण लिह्य." मी म्हटलं, "पण आधी तर आम्ही एकमेकांना नुसते नमस्कार घालत होतो."

अडकित्ता थांबला नाही. म्हणाल्या, "आधीचं राहू दे वं. आताचं लिह्य."

तुमची बहीण
सिंधू